शून्याची किंमत

५ फेब्रुवारी १९४३ला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाने शुगर रे रॉबिन्सनला हरवलं. तोवर रॉबिन्सन चाळीस व्यावसायिक लढती खेळला होता आणि चाळीसही जिंकला होता. आठव्या फेरीत लामोटाने त्याला दोरांमधून बाहेर ढकललं. त्यानंतर रॉबिन्सनने काय केलं? दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कमध्ये जॅकी विल्सनला हरवलं, आणि आणखी आठवड्याने, २६ फेब्रुवारीला, परत डेट्रॉइटला जाऊन लामोटालाही हरवलं. आज एखादा अजिंक्य बॉक्सर पहिल्यांदा हरला, तर तीन आठवड्यांत त्याच्या वकिलांची बैठकसुद्धा होणार नाही.

चाहत्यांची नेहमीची तक्रार अशी, की बॉक्सर जपून खेळतात, प्रमोटर सोपे प्रतिस्पर्धी शोधतात, म्हणून लोकांनी या खेळाकडे पाठ फिरवली. मला ही तक्रार अर्धीच पटते. जपून खेळणं आणि प्रतिस्पर्धी जपून निवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकाच माळेत ओवतो.

जपून खेळणं तसं जुनंच आहे. १९२६मध्ये फिलाडेल्फियात जीन टनीने जॅक डेम्प्सीला दहा फेऱ्या हाताच्या अंतरावर ठेवून गुणांवर हरवलं, तेव्हा पावसात एक लाखाच्या वर लोक बसून होते. त्याच टनीची १९२८मध्ये न्यूयॉर्कला टॉम हीनीशी लढत झाली, आणि प्रमोटर टेक्स रिकार्डला तोटा झाला. शैली तीच होती, समोरचा माणूस बदलला होता. (धाडसाचा पुतळा मानला जाणारा डेम्प्सी १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं विजेतेपद राखायला रिंगणात उतरलाच नव्हता, आणि हॅरी विल्स या कृष्णवर्णीय आव्हानवीराशी तर तो कधीच लढला नाही. जुना काळही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता.)

गर्दी ओसरायला लागली तीसुद्धा बचावात्मक खेळामुळे नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत दर आठवड्याला टीव्हीवर लढती फुकट दिसत. ए. जे. लीब्लिंग तेव्हा कळवळून लिहीत होता, की या फुकट लढतींनी गल्लोगल्लीचे छोटे क्लब मारले. नवशिका बॉक्सर तिथे शिकायचा आणि, महत्त्वाचं म्हणजे, तिथे हरायचा. हरायची जागा गेली, की प्रत्येक हार मोठी होते.

पुढे मोठ्या लढती पैसे मोजून बघायच्या झाल्या, आणि पराभवांच्या रकान्यातलं शून्य हाच विकायचा माल झाला. फ्लॉइड मेवेदरला हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट कळलं. त्याचा बचाव बघणं हा मला तरी आनंद वाटतो. खांदा पुढे, हनुवटी त्याच्यामागे, ठोसा यायच्या आत डोकं बाजूला. पण पैसे भरणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना तो हरताना बघायचा होता. मॅनी पॅकियावशी त्याच्या लढतीची बोलणी २००९च्या अखेरीस सुरू झाली, रक्तचाचण्यांवरून फिसकटली, आणि लढत झाली २ मे २०१५ला. तेव्हा दोघेही उताराला लागले होते. अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी ती विकत घेतली, तीही शंभर डॉलरच्या आसपास मोजून. बारा फेऱ्यांत मेवेदरचे १४८ ठोसे लागले, पॅकियावचे ८१. पॅकियाव दुखरा खांदा लपवून खेळला हे नंतर बाहेर आलं आणि प्रेक्षक कोर्टात गेले. २०१९मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की तुम्ही लढतीचे पैसे भरलेत, पूर्ण लढत तुम्हाला मिळाली. अपेक्षाभंगाची भरपाई मिळत नसते.

कायद्याने ते बरोबरच आहे. पण एवढी विक्री झालेल्या खेळाचं नुकसान कसं मोजायचं? माझ्या मते ते त्या रात्रीच्या सावध खेळात नाही, आधीच्या पाच वर्षांत आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात रोज दिसतं, की ज्या आकड्यावर बढती ठरते तो आकडा माणसं सांभाळतात, मग बाकी काम गेलं खड्ड्यात. बॉक्सरला भित्रा म्हणण्यात अर्थ नाही. शून्याला भाव आपणच दिला.

याच्या उलट १९८०चं दशक बघा. लेनर्ड, दुरान, हॅगलर आणि हर्न्स हे चौघे आपापसांत नऊ लढती लढले. चौघेही हरले आणि कोणाचाही भाव पडला नाही. १९८१मध्ये लेनर्डकडून हरलेला हर्न्स १९८५मध्ये हॅगलरसमोर उभा राहिला, तेव्हाच्या तीन फेऱ्या लोक अजून विसरलेले नाहीत.

पण त्या दशकाचे गोडवे गाताना माझी जीभ एका ठिकाणी अडखळते. १६ सप्टेंबर १९८१ला लास व्हेगसच्या सीझर्स पॅलेसमध्ये तेराव्या फेरीअखेर तिन्ही पंचांच्या गुणांत हर्न्स पुढे होता. लेनर्डने चौदाव्या फेरीत लढत संपवली. आजच्या बारा फेऱ्यांच्या नियमाने हर्न्स जिंकला असता, आणि ही लढत इतकी गाजली नसती. चौदा महिन्यांनी, १३ नोव्हेंबर १९८२ला, त्याच सीझर्स पॅलेसमध्ये रे मॅन्सिनीसमोर दक्षिण कोरियाचा किम ड्युक-कू असाच न हटता लढला. चौदाव्या फेरीच्या सुरुवातीलाच तो कोसळला आणि काही दिवसांनी वारला. विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आल्या त्या यानंतर. ही लढतही अमेरिकेत टीव्हीवर थेट दाखवली होती, फुकट, शनिवारी दुपारी.

लेनर्ड-हर्न्स मी कितीदा पाहिली असेल, मोजलेलं नाही. मॅन्सिनी-किम तेराव्या फेरीपर्यंत पाहतो आणि बंद करतो.