संग्रहालयातली चित्रं येतात कुठून? खासगी संग्रह दान करण्यामागचे नियम आणि अटी

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलं की युरोपियन तैलचित्रांचं दालन लागतं. मुंबईत एवढी युरोपियन चित्रं आली कशी? ती सरकारने विकत घेतलेली नाहीत. यातला मोठा भाग टाटा कुटुंबातल्या दोन भावांच्या घरातून आला आहे.

टाटा संग्रह नेमका कुणाचा?

सोशल मीडियावर इथे हमखास गोंधळ होतो. हे रतन टाटा म्हणजे २०२४ साली निधन झालेले उद्योगपती नव्हेत. हे सर रतन टाटा (१८७१-१९१८), जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यांचं ‘यॉर्क हाउस’ हे घर होतं. युरोपियन चित्रांबरोबरच चिनी आणि जपानी कलावस्तूही त्यांनी जमवल्या होत्या.

त्यांच्या निधनानंतर १९२१ साली हा संग्रह संग्रहालयाला मिळाला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२२ मध्ये, संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. त्यांचे थोरले बंधू सर दोराबजी टाटा १९३२ साली वारले. त्यांचा संग्रह १९३३ साली आला.

संग्रह मिळण्याचे चार मार्ग

१. हयातीत दान: मालक दानपत्र करून चित्रं कायमची देतो. त्यानंतर त्यांवर त्याचा किंवा वारसांचा हक्क राहत नाही.

२. मृत्युपत्राने दान: मालकाच्या पश्चात चित्रं संग्रहालयाकडे जातात. वारसांनी मृत्युपत्राला आव्हान दिलं, तर प्रकरण कोर्टात अडकू शकतं.

३. विक्री: संग्राहक आपला संग्रह संग्रहालयाला विकतो. मुंबईच्या याच संग्रहालयाने १९१५ साली शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेतला होता.

४. दीर्घ मुदतीचा करार: मालकी संग्राहकाकडे किंवा त्याच्या ट्रस्टकडे राहते. संग्रहालय जागा देतं आणि चित्रं लोकांना पाहता येतात.

चौथ्या मार्गाचं ठळक उदाहरण म्हणजे जहांगीर निकल्सन. मुंबईतल्या या कापूस व्यापाऱ्याने १९६८ पासून आधुनिक भारतीय चित्रं घ्यायला सुरुवात केली. गायतोंडे, सूझा, रझा, हुसेन अशी नावं असलेला त्यांचा संग्रह सुमारे ८०० कलाकृतींपर्यंत गेला. शहरात आधुनिक कलेचं स्वतंत्र संग्रहालय व्हावं, ही त्यांची इच्छा होती. ती पूर्ण होण्याआधीच, २००१ साली ते गेले. पुढे त्यांच्या नावाच्या फाउंडेशनने छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी करार केला आणि २०११ साली तिथे त्यांच्या संग्रहाचं दालन सुरू झालं.

फुकट मिळतंय, तरी संग्रहालय नाही का म्हणतं?

कारण फुकट मिळालेलं चित्र सांभाळणं फुकट नसतं. मुंबईच्या दमट हवेत कॅनव्हास आणि कागदाला बुरशी लागते. तापमान, आर्द्रता, प्रकाश, विमा, सुरक्षा, डागडुजी हा खर्च कायमचा असतो. त्यामुळे चांगलं संग्रहालय आधी तीन गोष्टी तपासतं: चित्र अस्सल आहे का, ते आजवर कुणाकुणाच्या हातातून गेलं आणि ते आपल्या संग्रहात बसतं का. यात मधल्या काळाची कागदपत्रं सापडत नसतील, तर चोरीचा माल गळ्यात पडण्याची भीती असते.

दात्याच्या अटी

‘संग्रह फोडू नका’, ‘दालनाला आमचं नाव द्या’, ‘चित्रं कायम भिंतीवरच ठेवा’ अशा अटी दाते घालतात. पहिल्या दोन अनेकदा मान्य होतात. तिसरी जड जाते. संग्रहालयाकडची बरीचशी चित्रं कोठारातच असतात आणि कागदावरची चित्रं प्रकाशाने फिकी पडतात, म्हणून त्यांना मधूनमधून विश्रांती द्यावी लागते.

अट किती लांब जाऊ शकते, हे अमेरिकेत बॉस्टनला दिसतं. इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांनी स्वतः उभारलेल्या संग्रहालयाची मांडणी बदलायची नाही, असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं. १९९० साली तिथून १३ कलाकृती चोरीला गेल्या. चोरीला गेलेल्या चित्रांच्या रिकाम्या चौकटी आजही भिंतीवर टांगलेल्या आहेत.

भारतातला कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं चित्र पुरावशेष ठरतं. त्याची नोंदणी करावी लागते आणि मालक बदलला की कळवावं लागतं. खासगी व्यक्तीला ते परदेशी नेता येत नाही. राजा रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा मोजक्या चित्रकारांच्या कामावर, ते तेवढं जुनं नसलं तरी, हीच निर्यातबंदी आहे.

करात मात्र फारसं काही मिळत नाही. ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत पैशांच्या देणगीला आहे, वस्तूच्या नाही. अमेरिकेत काही अटींवर चित्राच्या बाजारभावाएवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. तिथल्या संग्रहालयांना दान मिळण्यामागे हे एक मोठं कारण आहे. भारतात कोट्यवधींचं चित्र देणाऱ्याला ते लिलावात विकण्याचा मोह सोडूनच द्यावं लागतं.

चित्राबरोबर कॉपीराइटही मिळतो का?

आपोआप नाही. चित्राची मालकी आणि कॉपीराइट या वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो आणि तो सहसा वारसांकडे जातो. रवि वर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे त्यांची चित्रं आता मुक्त आहेत. २००१ साली गेलेल्या गायतोंडेंची नाहीत.

दाता कोण, हे कसं ओळखायचं?

चित्राशेजारची पाटी शेवटपर्यंत वाचा. चित्रकार, वर्ष, माध्यम यांच्या खाली बहुतेक वेळा देणाऱ्याचं किंवा संग्रहाचं नाव असतं. नोंद क्रमांकही पाहा. बऱ्याच संग्रहालयांत त्याची सुरुवात चित्र दाखल झालेल्या वर्षाने होते, म्हणजे ते चित्र कुणाच्या तरी घरातून बाहेर पडून सगळ्यांचं कधी झालं, ते तिथेच कळतं.