करपलेल्या लाह्या आणि करवंटीचा कोळसा

शिर्डीला विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी गेलो असता आमची उतरण्याची सोय एका साध्या निवासात होती. जेवणघराच्या कोपऱ्यात एक मायक्रोवेव्ह होता. आदल्या रात्री कुणीतरी त्यात मक्याच्या लाह्या करायला ठेवून गप्पा मारत बसले असावे. सकाळी त्यात दूध गरम केले, तर दुधालाही करपट वास! तेथील मावशींनी तो दोनदा साबणाने पुसला होता, अर्धे लिंबू ठेवून पाहिले होते. "सर, लिंबाचा वास येतो आणि करपलेलाही येतो," त्या म्हणाल्या. शिबिरातल्या एका बाईंनी लगेच विचारले, "मग वास जातो तरी कसा?" त्या दिवशीच्या माझ्या व्याख्यानाचा विषय दुसराच होता, पण चर्चा यावरच झाली.

गंमत अशी की या यंत्राच्या इतिहासात लाह्या अगदी पहिल्या दिवसापासून आहेत. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर हे रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर काम करीत असत. १९४५ च्या सुमारास मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातली मिठाईची वडी वितळली. मग त्यांनी मुद्दाम मक्याचे दाणे समोर धरले, आणि ते फुटले. १९४७ साली बाजारात आलेली भट्टी माणसाच्या उंचीची आणि तीनशे किलोंहून जड होती. ओट्यावर मावेल असा घरगुती नमुना १९६७ मध्ये आला.

या भट्टीत वास का राहतो, हे तिच्या कामाच्या पद्धतीतच आहे. सूक्ष्मलहरी पदार्थातील पाण्याच्या रेणूंना हलवून पदार्थ तापवतात. आतली हवा आणि धातूच्या भिंती मात्र जवळजवळ थंडच राहतात. चुलीवर वाफ धुरासोबत वर निघून जाते. साध्या भट्टीच्या तप्त भिंतींवर तेलकट थर बराचसा जळून जातो. येथे पदार्थातून निघालेली बाष्पे गार भिंतींवर, प्लॅस्टिकच्या कडीवर आणि लहरी जेथून आत येतात तेथील अभ्रकाच्या पत्र्यावर जाऊन बसतात. पुढच्या वेळी वाफ झाली की तोच थर पुन्हा थोडा उडतो. दुधाला वास लागला तो असा.

आपल्या घरांत यावर जुने उपाय होते. दुधाचे पातेले राखेने घासत. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते; ते अल्कधर्मी असल्याने आंबलेल्या दुधातील ब्युटिरिकसारख्या आम्लांचे क्षार बनवते. क्षार हवेत उडत नाहीत, म्हणून नाकाला कळत नाहीत. खाण्याचा सोडा हेच करतो. लिंबाचे काम याच्या उलट. मासळीचा वास ट्रायमिथिल अमाइनचा, ते अल्कधर्मी. सायट्रिक आम्ल त्याला बांधून ठेवते. कोकणात मासळीला कोकम आणि लिंबू लागते त्यामागे चवीबरोबर हेही आहे. पण करपलेल्या लाह्यांच्या वासात पायराझिन, फ्युरान अशा वर्गांतील संयुगे असतात. ती धड आम्ले नाहीत, धड अल्कली नाहीत. त्यामुळे मावशींचे लिंबू हरले.

येथे एका शिक्षकांनी सुचवले, "द्वारकामाईत धुनी अखंड पेटती असते, उदीही मिळते. राखेत कोळशाचा गुण असेलच ना?" उदीमागची भावना हा वेगळा विषय. रसायनाच्या दृष्टीने राख आणि कोळसा हे दोन निराळे पदार्थ आहेत. लाकूड पूर्ण जळले की कार्बन निघून जातो आणि खनिजे उरतात, ती राख. हवा कमी पडली की कार्बन मागे राहतो, तो कोळसा. आपल्याला हवा होता कोळसा.

कोळसा वायू धरून ठेवतो हे शीले आणि फोंताना यांनी १७७० च्या दशकात दाखवले होते. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे लोव्हिट्झ यांना कोळशाने द्रावणांचा रंग जातो असे आढळले. वासही जातो हे त्यांनी पुढे दाखवले. १८११ मध्ये फिग्ये यांनी हाडांचा कोळसा रंग काढण्यास अधिक चांगला असल्याचे सांगितले, आणि युरोपातील साखर त्यातून गाळली जाऊ लागली. हाडांशी आलेला हा संबंध आपल्याकडे १९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवरील बहिष्काराचे एक मोठे कारण ठरला. शिर्डीच्याच राहाता तालुक्यात, लोणीला, १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आपल्या कारखान्यांत सर्रास वापरात आली ती मात्र चुना आणि गंधकाच्या धुराची पद्धत.

कोळशाचे हे काम शोषणाचे नव्हे, अधिशोषणाचे. स्पंज पाणी आत घेतो तसे नाही. रेणू पृष्ठभागाला चिकटतात. चांगल्या सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅममधील छिद्रांचे पृष्ठफळ ५०० ते १५०० चौरस मीटर भरते. चिमूटभर पुडीत शाळेच्या सभागृहाएवढी जमीन!

इतिहासातला सर्वांत बोलका भाग १८५४ सालचा आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकवणारे जॉन स्टेनहाउस यांनी मेलेली जनावरे कोळशाच्या पुडीत ठेवून दुर्गंधी येत नाही हे दाखवले आणि कोळशाचा मुखवटा तयार केला. त्या काळी दुर्गंधी हेच रोगाचे कारण मानले जाई. म्हणून वास अडवला की रोगही अडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. त्याच वर्षी, त्याच शहरात, जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील कॉलऱ्याचा माग पाण्याच्या पंपापर्यंत नेला. मुखवट्याने तो अडणार नव्हता.

ही समजूत लवकर गेली नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला. लगेच गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बॉलिक आम्लाने धुतली गेली. गल्ल्यांना कार्बॉलिकचा वास येऊ लागला, पण प्लेग थांबला नाही. तो उंदरांवरच्या पिसवांतून येत होता. १८९८ मध्ये सिमोंद यांनी कराचीला हे दाखवले, तेव्हा फारसे कुणी ऐकले नाही. १९०५ नंतर मुंबईतच झालेल्या प्रयोगांनी ते पक्के झाले. स्टेनहाउसचा मुखवटा मात्र दुसऱ्याच कामी आला. पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून विषारी वायू वापरले जाऊ लागले, तेव्हा कोळशाचे मुखवटे सैनिकांचा आधार ठरले. त्यासाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा उत्तम. त्याची छिद्रे बारीक असतात.

शिर्डीत करवंट्यांना तोटा नाही. वर्गात करून पाहा: तीन सारख्या बरण्यांत ठेचलेला लसूण ठेवा. एकीत करवंटीच्या कोळशाची भरड, दुसरीत तेवढीच राख, तिसरीत काहीच नाही. झाकणे लावून दुसऱ्या दिवशी मुलांना डोळे मिटून वास घ्यायला सांगा. कोणती बरणी कोणती हे वास देणाऱ्यालाही माहीत नसावे.

आम्ही प्रथम पाण्याची वाटी आत ठेवून वाफ होऊ दिली. वाटीत लाकडी चमचा ठेवला, कारण त्याशिवाय पाणी न उकळता जास्त तापते आणि हलवताच उसळते. मऊ झालेला थर सोड्याच्या पाण्याने पुसला, अभ्रकाचा पत्रा काढून वेगळा साफ केला आणि तो कोरडा करून परत बसवला. रात्रभर करवंटीच्या कोळशाची ताटली आत ठेवली. कोळसा सूक्ष्मलहरी भराभर शोषतो आणि पेट घेऊ शकतो, म्हणून मावशींनी आपणहून प्लग काढून ठेवला आणि दारावर खडूने लिहिले, 'आत कोळसा आहे, चालू करू नये.' सकाळचे दूध त्यांनी मला आधी दिले. किंचित वास होता. ताटली आणखी एक रात्र ठेवावी लागली.