गाडीवर वॉकीटॉकी चार्ज करताय? आधी हे वाचा, नाहीतर ऐन वेळी सेट बंद

गोंदिया : पूर आला, वादळात लाईन गेली, मोबाईलची रेंज गेली, की जवळच्या जवळ बोलायला वॉकीटॉकी कामी येते. तिला टॉवर लागत नाही, एका सेटवरून थेट दुसऱ्या सेटवर बोलणं होतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातील संजय सरोवराचं पाणी सोडल्यावर वैनगंगेला पूर आला आणि गोंदिया-भंडाऱ्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पासारख्या जंगलात तर वायरलेस रोजच लागतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून या वणव्याच्या हंगामात जास्तच.

पण सेटची बॅटरी उतरली की तो नुसता डबा. गावात लाईन नसेल तर जीप, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलवरूनच चार्ज करावा लागतो. तो कसा करायचा, हे खाली दिलं आहे.

थेट वायर जोडू नका

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात. इंजिन बंद असताना ती साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन सुरू झालं की १३.८ ते १४.४. ट्रक आणि एसटी बसमध्ये २४ व्होल्टची लाईन असते, ती चालू गाडीत २८ पर्यंत जाते. सेटची लिथियम बॅटरी मात्र बहुतेक वेळा ७.४ व्होल्टची असते. पूर्ण भरली की ८.४, त्यापुढे एकही पाऊल नाही. गाडीची वायर थेट बॅटरीच्या पत्तीला लावली तर ती तापते, फुगते, पेटही घेऊ शकते.

टेबलावरच्या चार्जिंग स्टँडलाही थेट १२ व्होल्ट देऊ नका. स्टँडच्या खाली 'इनपुट' किती लिहिलं आहे ते बघा. अनेक स्टँड १० व्होल्टचे असतात.

मग चार्ज कसं करायचं?

१) कंपनीचा कार चार्जर : त्याच मॉडेलसाठी बनवलेला असेल तर सगळ्यात बरा.

२) यूएसबी : सेटच्या बॅटरीला टाईप-सी पॉईंट असेल, किंवा स्टँडची यूएसबी केबल मिळत असेल, तर लायटर सॉकेटमध्ये मोबाईलचा कार चार्जर लावून काम होतं. ट्रकमध्ये लावायचा असेल तर त्यावर '१२-२४ व्होल्ट' लिहिलेलं पाहिजे. याच केबलने पॉवर बँकवरूनही चार्ज होतो.

३) छोटा इन्व्हर्टर : १२ व्होल्टचे २३० करून घरचाच चार्जर लावायचा. यात थोडी वीज वाया जाते. काम झालं की इन्व्हर्टर बंद करा, नाहीतर तो रिकामाही बॅटरी खात राहतो.

ट्रॅक्टरला सॉकेट नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. प्लसच्या वायरला बॅटरीच्या अगदी जवळ ५ अॅम्पिअरचा फ्यूज हवाच. वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडतो, गाडी वाचते.

कोणती गाडी किती देऊ शकते?

१८०० एमएएचची ७.४ व्होल्टची बॅटरी म्हणजे सुमारे १३ वॅट-अवर. चार्जरमधला तोटा धरला तर गाडीतून २० वॅट-अवर जातात, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण १.७ अॅम्पिअर-अवर.

- जीप-कारची बॅटरी ३५ अॅम्पिअर-अवर धरा. एका सेटला जेमतेम ५ टक्के जाते. इंजिन बंद असलं तरी एक-दोन सेट सहज होतात.
- लहान मोटारसायकलची बॅटरी ३ ते ५ अॅम्पिअर-अवरचीच असते. गाडी बंद ठेवून एक सेट भरला तर तिची तिसरा हिस्सा ते अर्ध्याहून जास्त ताकद निघून जाते. मग सेल्फ लागत नाही. मोटारसायकलवर गाडी चालू असतानाच चार्ज करा.

कोणतीही गाडी असो, आधी गाडी स्टार्ट करा, मग चार्जर लावा. सेल्फ मारताना व्होल्ट एकदम खाली-वर होतात, त्याने स्वस्त चार्जर जळतो.

उन्हाळ्यात खास काळजी

लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या आसपास असतो, बंद गाडीत तर कितीतरी जास्त. डॅशबोर्डवर सेट ठेवून चार्जिंग लावू नका. सकाळी किंवा सूर्य मावळल्यावर, काच उघडी ठेवून, सीटखाली सावलीत लावा.

चार्जिंग चालू असताना बोलण्याचं बटन दाबू नका. जुन्या सेटला निकेलची बॅटरी असते, तिचा चार्जर वेगळा. दोघांची अदलाबदल नको. बॅटरी फुगली असेल तर ती वापरायची नाही आणि जाळायचीही नाही.

सेट घेण्याआधी

प्रत्येक वॉकीटॉकी मनाने वापरता येत नाही. २०१८ च्या नियमांप्रमाणे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरच्या कमी ताकदीच्या सेटला लायसन्स लागत नाही, पण त्या मॉडेलला सरकारची ईटीए मंजुरी असावी लागते. पोलीस किंवा वन विभागाच्या चॅनलवर बोलणं गुन्हा आहे. ऑनलाईन बेकायदा सेट विकले जात असल्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये विक्रेत्यांसाठी नियमावली काढली. म्हणून फ्रिक्वेन्सी आणि ईटीए बघूनच पैसे द्या.

पावसाळ्याआधी एकदा आपल्या गाडीवर सेट चार्ज करून बघा. किती वेळ लागला ते बॅटरीवर मार्करने लिहून ठेवा. पाणी चढल्यावर केबल शोधत बसायला वेळ मिळत नाही.