ऐंशी दिवसांचा उंबरठा

गरोदर बाई नव्या नोकरीवर रुजू झाली, तर तिच्या बाळंतपणाचा भार कोणी वाहावा? प्रश्न दिसायला हिशेबनिसाचा. पण त्याच्या पोटात शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

१९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत प्रसूतीच्या रजेचा ठराव झाला. हिंदुस्थान सरकारने त्याला मान्यता दिली नाही. मग मुंबईनेच पाऊल उचलले. गिरणीच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत हजारो बायका राबत होत्या. त्यांच्यासाठी आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. १९२८ साली त्यावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी सांगितले की, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. परंतु बाईच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही.

१९२९ साली कायदा झाला, तो देशातला पहिला. मात्र खर्च पडला तो एकट्या मालकावर, आणि सारी मेख तिथेच आहे. ज्याच्या खिशातून पैसा जायचा, तो विचारणारच, ‘ही बाई माझ्याकडे किती दिवस राबली?’ या विचारण्यातूनच पूर्वसेवेची अट जन्माला आली.

स्वातंत्र्यानंतर १९६१ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत १६० दिवस काम भरले, तरच लाभ. वाचकांनी बोटे मोजून पाहावीत. आठवड्याला सहा दिवस धरले, तर हे सत्तावीस आठवडे होतात. तिसरा महिना उलटल्यावर कामावर लागलेली बाई शेवटच्या दिवसापर्यंत राबली, तरी दाराबाहेरच! गंमत अशी की, त्याच कलमात एक अपवाद होता. गरोदर असताना आसामात स्थलांतर करून आलेल्या स्त्रीला ही अट लागू नव्हती. म्हणजे नव्याने आलेल्या गर्भवतीची अडचण कायदा करणाऱ्यांना कळत नव्हती असे नाही. ती त्यांना आसामपुरतीच दिसली, एवढेच.

१९८८ साली दुरुस्ती होऊन १६० चे ८० दिवस झाले. पगारी सुट्ट्या व कामबंदीचे दिवसही त्यात धरतात. त्यामुळे पाचव्या महिन्यात रुजू झालेलीही आता उंबरठा ओलांडू शकते. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ऐंशीचा आकडा तसाच ठेवला.

पण उंबरठ्याच्याही अलीकडे एक दार असते, ते नेमणुकीचे. आयुर्विमा महामंडळाने उमेदवारीच्या काळातल्या एका बाईंना, प्रसूतीची रजा घेतल्यावर, नोकरीवरून कमी केले. नेमणुकीच्या वेळच्या फॉर्मात मासिक पाळीची माहिती खोटी दिली, हे कारण. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावले, आणि असले लाजिरवाणे प्रश्न फॉर्मातून काढून टाका, असे बजावले.

मालकाची बाजूही अगदीच पोकळ नाही. चार माणसांनिशी कारखाना वाढवणाऱ्याला सव्वीस आठवड्यांचा पगार जड जातो, आणि मग तो बाईला घ्यायलाच कचरतो. यावरचा उतारा १९२८ सालीच सांगून झाला आहे. मूल जर राष्ट्राचे, तर त्याच्या पाळण्याची दोरी एकट्या मालकाच्या हाती का? ती साऱ्यांनी मिळून ओढली, तर दिवस मोजण्याची गरजच उरणार नाही.