दोनशे वर्षांपूर्वीच्या स्पाचे ‘होम पेज’ : पाटण्याचे दीन मोहम्मद आणि ब्रायटनचे बाष्पस्नानगृह

१/
आज कुठल्याही स्पाचे संकेतस्थळ उघडावे, काही गोष्टी हटकून दिसतात : उपचारांची यादी, ‘आमच्याविषयी’, ग्राहकांचे अभिप्राय, एखाद्या बड्या असामीचे नाव. संगणकाची कल्पनाही नसताना हे सारे घटक इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर एका बिहारी माणसाने कागद, शाई आणि कुबड्या यांच्या साहाय्याने जुळवून आणले होते. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी. 🧵

२/
आधी मूळ अडचण समजून घेऊ. कापड हातात घेऊन पाहता येते, धान्य चाळून पाहता येते. स्नानगृहातील उपचार मात्र आधी पाहता येत नाही. अंगावरचे कपडे उतरवून आपला देह अनोळखी हातांत सोपवावा लागतो. म्हणजे विकायचा असतो तो प्रथम विश्वास. इ.स. १८१४ च्या इंग्लंडमध्ये ते अनोळखी हात एका हिंदी माणसाचे असतील, तर हे काम किती कठीण झाले असेल!

३/
दीन मोहम्मद यांचा जन्म १७५९ साली पाटण्यात झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते. वडिलांच्या मृत्यूनंतर, १७६९ च्या सुमारास, कोवळ्या वयात ते गॉडफ्रे बेकर या आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाने फौजेबरोबर हिंडू लागले. पुढे सुभेदारपदापर्यंत पोहोचले. १७८२ साली त्यांनी फौज सोडली आणि १७८४ साली बेकरसोबत आयर्लंडमधील कॉर्क शहर गाठले.

४/
१७८६ साली जेन डॅली या आयरिश तरुणीशी त्यांनी पळून जाऊन विवाह केला. १७९४ साली त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. हिंदी लेखकाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. छपाईचा खर्च आगाऊ वर्गणीतून उभा राहिला आणि तीनशेहून अधिक वर्गणीदारांची नावे पुस्तकात छापली गेली. प्रतिष्ठितांच्या नावांची यादी हीच एक शिफारस असते, हा धडा त्यांना येथे मिळाला असावा.

५/
पुढचा मुक्काम लंडन. हिंदुस्थानात गडगंज संपत्ती मिळवून परतलेल्या बॅसिल कॉक्रेन यांच्या पोर्टमन स्क्वेअरमधील बाष्पस्नानगृहात त्यांनी काम केले. १८१० च्या सुमारास जवळच ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढले. वेताची आसने, हुक्का, हिंदी पद्धतीचे जेवण असा सगळा थाट होता. परंतु १८१२ साली दिवाळे निघाले. पुढच्या वर्षी पन्नाशी उलटलेल्या या माणसाने नोकरी मागणारी जाहिरात वर्तमानपत्रात दिली.

६/
१८१४ साली हे कुटुंब ब्रायटनला आले. ही जागा अचूक होती. समुद्रस्नान हे औषध आहे, हा विचार अठराव्या शतकाच्या मध्यापासून डॉ. रिचर्ड रसेल यांच्यासारख्या वैद्यांनी रुजवला होता. राजपुत्र जॉर्ज यांचे येथे नित्य येणे-जाणे असल्याने उमराव मंडळीही येत. १८१५ पासून तर राजपुत्राचा ‘रॉयल पॅव्हिलियन’ हिंदी धाटणीचे घुमट धारण करू लागला. दुखरी गात्रे, भरलेले खिसे आणि पौर्वात्य गोष्टींची हौस, तिन्ही एकाच गावात!

७/
उपचार असा : रुग्णाला वनस्पतियुक्त वाफेत बसवायचे. भोवती फ्लॅनेलचा तंबू. तंबूला बाह्या शिवलेल्या. बाहेर उभा असलेला मर्दनकार त्या बाह्यांतून हात घालून अंग रगडणार. यालाच ते ‘शॅम्पूइंग’ म्हणत. हा शब्द हिंदीतील ‘चाँपना’ म्हणजे दाबणे यावरून आला. अर्थाने तो आपल्या ‘पाय चेपणे’च्या शेजारचा. केस धुण्याशी त्याचा संबंध बराच नंतर जुळला.

८/
आरंभी लोकांनी चेष्टा केली, संशयही घेतला. तेव्हा दीन मोहम्मद यांनी काही रुग्णांवर विनामूल्य उपचार केले. बरे वाटलेल्यांची पत्रे जपून ठेवली आणि १८२० साली ती छापून काढली. औषधविक्रेते अशी शिफारसपत्रे तेव्हाही छापत, त्यामुळे युक्ती नवी नव्हती. पण अशा साऱ्या युक्त्या एका सूत्रात गुंफणे, हे त्यांचे वैशिष्ट्य.

९/
१८२१ साली किंग्ज रोडवर, समुद्रासमोर, त्यांचे नवे स्नानगृह उभे राहिले. स्त्रिया व पुरुष यांची व्यवस्था स्वतंत्र होती आणि स्त्रियांच्या विभागाची देखरेख जेन यांच्याकडे. येथे जेन यांचे श्रेय ठळकपणे नोंदवायला हवे. परदेशी पुरुषाच्या स्नानगृहात इंग्रज स्त्रियांनी निर्धास्तपणे पाऊल टाकावे, यासाठी आत त्यांच्यासारखी स्त्री असणे अत्यावश्यक होते.

१०/
१८२२ साली आला ‘शॅम्पूइंग’ हा ग्रंथ. त्याची रचना पाहण्याजोगी आहे. उपचार मुळात एकच, वाफ आणि मर्दन. पण पुस्तकाची मांडणी उपचारानुसार नाही, व्याधींनुसार आहे : दमा, पक्षाघात, संधिवात... प्रत्येक व्याधीखाली त्याच व्याधीने त्रासलेल्यांची पत्रे. वाचक पुस्तक उघडतो तो ‘माझ्या दुखण्याचे काय?’ हा प्रश्न घेऊन, आणि पुस्तक त्याला नेमके तेथेच नेते. उत्तम संकेतस्थळाच्या अनुक्रमणिकेकडून आज आपली हीच अपेक्षा असते.

११/
पुरावा केवळ छापील नव्हता. बरे झालेल्यांनी मागे ठेवलेल्या कुबड्या स्नानगृहात मांडलेल्या असत. अभ्यागतांसाठी अभिप्रायवह्या होत्या, स्त्रियांची वेगळी, पुरुषांची वेगळी. नव्याने येणारा माणूस वही चाळत असताना त्याला सरदार-उमरावांच्या स्वाक्षऱ्या दिसत. कॉर्कमधील ती वर्गणीदारांची यादी येथे नव्या रूपात अवतरली होती.

१२/
मग आली सर्वांत मोठी शिफारस. राजे चौथे जॉर्ज आणि त्यांच्यानंतर चौथे विल्यम यांनी त्यांना आपला ‘शॅम्पूइंग सर्जन’ नेमले. रॉयल पॅव्हिलियनमधील शाही स्नानगृहाची देखरेखही त्यांच्याकडे आली. ही पदवी ते अभिमानाने मिरवत. नक्कल करणारेही निघालेच. त्यांच्यापासून सावध राहा, असे दीन मोहम्मद ग्राहकांना बजावत.

१३/
आता ‘आमच्याविषयी’ या पानाकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. १८२२ च्या ग्रंथात ते स्वतःचा परिचय असा देतात : जन्म १७४९, शिक्षण वैद्यकीचे, कंपनीच्या सेवेत प्रथम शल्यवैद्य, नंतर सैनिक, १७८४ पासून युरोपात वास्तव्य. कॉर्कची वर्षे, कॉफी हाउस, दिवाळे हे सारे त्या शेवटच्या चार शब्दांत गडप!

१४/
ही लबाडी उघडी पडते ती त्यांच्याच पहिल्या पुस्तकामुळे. १७९४ च्या प्रवासवर्णनात बालवयातच फौजेमागे निघालेला मुलगा आहे. वैद्यकीचे शिक्षण घ्यायला त्या आयुष्यात रिकामी वर्षेच नाहीत. ती निर्माण करण्यासाठी जन्मसाल दहा वर्षे मागे नेले गेले. इतिहासकार मायकेल फिशर यांनी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून ही विसंगती सविस्तर मांडली आहे. एकाच माणसाची दोन आत्मनिवेदने, अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या वाचकवर्गांसाठी!

१५/
त्यांनी असे का केले असेल? माझे मत असे : अंग रगडणे हे इंग्रजांच्या लेखी चाकराचे काम होते, शल्यवैद्य म्हणताच तेच हात शास्त्राचे झाले. हिंदी असणे हे ग्राहकाला खेचणारे आकर्षण होते, पण आदर मिळवण्यास ते पुरेसे नव्हते. परक्या समाजात त्यांना उभे राहायला जी जमीन मिळाली नाही, ती त्यांनी कागदावर तयार केली. हे समजून घेता येते.

१६/
पण दुसरी बाजूही आहे. वाचणारे लोक हौशी सहलकरी नव्हते, त्यांतले कित्येक वेदनेने पिचलेले होते. वाफ आणि मर्दन यांनी आखडलेले सांधे सैल होतात, हे खरे. पक्षाघात बरा होतो, हे निराळे. शिवाय ग्रंथातील पत्रे निवडली कोणी? मालकाने. ज्यांना गुण आला नाही त्यांची पत्रे त्यात नाहीत आणि कुबडी परत घेऊन गेलेल्याची कुबडी तेथे दिसणार कशी? साधन म्हणून हा ग्रंथ वाचताना ही गाळलेली जागा सतत ध्यानात ठेवावी लागते.

१७/
१८३७ साली राणी व्हिक्टोरिया गादीवर आल्या. त्यांना ब्रायटन रुचले नाही. १८४१ साली लंडनहून थेट रेल्वे आली आणि उमरावांचे गाव सर्वसामान्यांचे झाले. त्याच दशकात किंग्ज रोडचे स्नानगृह दीन मोहम्मद यांच्या हातून गेले. २४ फेब्रुवारी १८५१ रोजी त्यांचे निधन झाले. सेंट निकोलस चर्चच्या आवारातील थडग्यावर वय कोरले आहे १०१ वर्षे. जाहिरातीतले जन्मसाल अखेर दगडावरही उतरले.

१८/
त्यांना कोणी धूर्त म्हणेल, कोणी धडपड्या. मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी मुद्दा एवढाच की, जाहिरात हे खोटे साधन नव्हे, ते हेतू असलेले साधन आहे. दमेकऱ्याला, वातरोग्याला काय ऐकायचे होते, इंग्रज समाज कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत होता, स्त्रियांना कशाची धास्ती होती, हे सारे तो ग्रंथ प्रामाणिकपणे सांगतो. फक्त त्याच्या लेखकाचे वय तेवढे त्याला विचारू नये.

१९/
आपल्याकडच्या जुन्या मराठी नियतकालिकांची मागची पाने चाळा. औषधे, तेले, टॉनिके यांच्या जाहिरातींत अशीच शिफारसपत्रे भेटतील. एखादी सापडली तर खाली जरूर टाका, सोबत नियतकालिकाचे नाव आणि साल द्यायला विसरू नका. पत्र कोणाचे, छापले कोणी आणि न छापलेली पत्रे कुठे गेली, या तीन प्रश्नांनी वाचायला सुरुवात करू. 🙏