फ्रान्सची लेक कुणाला म्हणायचं?

आज फ्रान्स देशाची गोष्ट ऐकू या. ‘या देशाचं माणूस कोण?’ हा प्रश्न तिथं दोनशे वर्षं चालू आहे. पोटासाठी बाहेरून आलेल्या माणसांमुळं त्याचं उत्तर पुन्हा पुन्हा बदलत गेलं. त्यात बायकांचं काय झालं, ते आपण मुद्दाम पाहू.

१७८९ साली तिथं राज्यक्रांती झाली. राजाची प्रजा होती, ती नागरिक झाली. पण राजकीय हक्कांचे नागरिक म्हणजे पुरुषच. ओलँप द गूज नावाच्या बाईनं १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. दोन वर्षांनी राजकीय लिखाणापायी तिचा शिरच्छेद झाला.

पुढं १८०४ साली नेपोलियनच्या काळात कायदा झाला. मूल बापाच्या देशाचं आणि बायको नवऱ्याच्या देशाची, असं त्यात ठरलं. फ्रेंच मुलीनं परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व जायचं. बघा, ती सासरी लांब गेलीच नाही. घर त्याच गावात, बाजार तोच, तरी कायद्यानं ती परकी! उलट पोलंडहून शिकायला आलेली मारी क्युरी १८९५ मध्ये फ्रेंच माणसाशी लग्न करून फ्रेंच झाली. मिळालं तेही नवऱ्यामुळं, गेलं तेही नवऱ्यामुळं.

त्याच काळात फ्रान्समध्ये गिरण्या आणि खाणी वाढत होत्या, हात कमी पडत होते. उत्तरेला बेल्जियमचे मजूर आले, दक्षिणेला इटलीचे. त्यांची मुलं तिथंच जन्मली, तिथलीच भाषा बोलू लागली. पण परदेशी म्हणून त्यांना सैन्यभरती नव्हती. ‘आमची पोरं सैन्यात, यांची घरी’ अशी कुरकुर सुरू झाली. म्हणून १८८९ च्या कायद्यानं ठरवलं, की फ्रान्समध्ये जन्मून तिथंच वाढलेलं मूल सज्ञान झालं की फ्रेंच. रक्ताच्या नात्याबरोबर मातीचं नातंही धरलं गेलं.

पण कायदा बदलला म्हणून मनं लगेच बदलत नाहीत. १८९३ मध्ये एग-मॉर्त गावच्या मिठागरात कामावरून भांडण पेटलं. जमावानं इटलीच्या मजुरांना ठार मारलं. खटला चालला, पण आरोपी निर्दोष सुटले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून जास्त सैनिक गेले. देशाला माणसं हवी होती. १९२७ च्या कायद्यानं बाहेरच्यांना तीन वर्षं राहिल्यावर नागरिकत्व मागता येऊ लागलं. परदेशी नवरा केलेल्या फ्रेंच बाईलाही आपलं नागरिकत्व राखता येऊ लागलं. मतदानाचा हक्क मात्र बायकांना १९४४ मध्ये मिळाला, आणि त्यांनी पहिलं मत टाकलं १९४५ मध्ये.

दिलेलं परतही घेतलं जातं, हेही त्या देशानं पाहिलं. १९४० मध्ये जर्मनीपुढं हार खाल्ल्यावर आलेल्या सरकारनं जुने नागरिकत्वाचे कागद पुन्हा तपासले. सुमारे १५,००० लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. त्यांत हजारो ज्यू होते.

युद्धानंतर अल्जीरिया, मोरोक्को, पोर्तुगाल इथून मजूर आले. त्यांनी रस्ते बांधले, मोटारींच्या कारखान्यांत काम केलं. ‘हे कमावतील आणि परत जातील’ असं बऱ्याच जणांनी धरलं होतं. १९७४ मध्ये सरकारनं नवी मजूरभरती थांबवली. पण १९७६ मध्ये बायकामुलांना आणण्याचा नियम झाला. घरात चूल पेटली, मुलं शाळेत गेली, आणि पाहुणा कायमचा रहिवासी झाला.

हीच मुलं मोठी झाली. १९८३ मध्ये मार्सेय शहरातून थोडी तरुण मंडळी समतेसाठी पायी निघाली. दीड महिन्यानं पॅरिसला पोचली, तेव्हा सोबत सुमारे एक लाख माणसं होती.

तरी वाद मिटला नाही. १९८९ मध्ये तीन शाळकरी मुली डोक्यावर रुमाल बांधून वर्गात आल्या, त्यावरून देशभर रान उठलं. एक बाजू म्हणे, सरकारी शाळेत धर्म नको. दुसरी म्हणे, मुलीला शाळेबाहेर काढून कसली समता? २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक खुणांवर बंदी आली. वाद अजून आहे.

१९९३ मध्ये दुसरा फेरा आला. परदेशी आईबापांच्या, पण फ्रान्समध्येच जन्मलेल्या मुलांनी ‘मला फ्रेंच व्हायचंय’ असं १६ ते २१ वयात कळवायचं, असा कायदा झाला. आम्ही इथलेच, मग मागायचं कशाला, असं मुलं विचारू लागली. १९९८ मध्ये ती अट गेली. त्याच वर्षी फ्रान्सनं फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. शेवटच्या सामन्यात दोन गोल केले झिनेदिन झिदाननं. अल्जीरियातून आलेल्या आईबापांचा हा मुलगा मार्सेयमध्ये जन्मला होता. त्या रात्री तो कुठला, हे कुणी विचारलं नाही.

पण मैत्रिणींनो, गोल न करणाऱ्याचं काय? कारखाने झाडणारी, म्हाताऱ्यांची सेवा करणारी बाईही तिथंच राबते. जिंकलं तरच आपलं, असं नातं टिकत नाही. जी माती कसते, जिची मुलं तिथं शिकतात, तिला आपली म्हणायला किती पिढ्या लागाव्यात? गटात बसाल तेव्हा यावर जरूर बोला.