नशा-चाचणी, कामावरील
कामगाराच्या देहात मादक द्रव्याचा अंश आहे की काय हे ठरविणारी परीक्षा, ते द्रव्य कोणते व देहात त्याचा मुक्काम किती हे पाहूनच निवडावी लागते. भुसावळला हजेरी नोंदविताना रेल्वेचा इंजिनचालक यंत्राच्या नळीत फुंकर मारतो, ती श्वासचाचणी मद्यापुरतीच समर्थ असून, शिरपूरकडील सातपुडा पट्ट्यात ज्याची चोरटी लागवड पोलिसांनी वारंवार उघडकीस आणली, त्या गांजापुढे ती निरुपयोगी ठरते. नित्य सेवन करणाऱ्याच्या मूत्रात गांजाचा अंश कित्येक आठवडे सापडतो, म्हणून मूत्रचाचणी पूर्वसेवन सांगते, त्या क्षणीची नशा नव्हे. ताज्या सेवनासाठी लाळेची परीक्षा अधिक ग्राह्य. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधानेही अफूवर्गाचा दाखला उमटतो. सबब प्रयोगशाळेची पुष्टी येण्यापूर्वी कोणासही बडतर्फ करणे हा उघड अन्याय होय, तोवर त्यास केवळ वाहनापासून व यंत्रापासून दूर ठेवावे.